गूगल मॅप्स की ऑर्गॅनिक मॅप्स: घरचा पत्ता कुणाकडे ठेवायचा?

रस्ता दाखवण्याच्या कामात गूगल मॅप्सला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. पुण्यात संध्याकाळी नवले पुलावरून जायचं की आतल्या रस्त्याने, खंडाळ्याच्या घाटात गाड्या थांबल्यात का, परक्या गावात रात्री उघडं मेडिकल कुठे मिळेल, या प्रश्नांना ऑर्गॅनिक मॅप्स या खातं न मागणाऱ्या, नकाशा फोनमध्येच ठेवणाऱ्या ॲपकडे उत्तर नाही. त्यात लाइव्ह ट्रॅफिक नाही, लोकांचे रिव्ह्यू नाहीत, दुकानाचा फोन नंबर मिळाला तर मिळाला. तुमचं पोट दिवसभर गाडी चालवण्यावर असेल, कॅब असो की डिलिव्हरी, तर गूगलच ठेवा. मी हे लिहितोय ते बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांना नकाशा आठवड्यातून चार-दोन वेळा लागतो आणि तरीही ज्यांचा नकाशा चोवीस तास त्यांच्यासोबत फिरतो त्यांच्यासाठी.

ती लाल-पिवळी ट्रॅफिकची रेघ कुठून येते हे बहुतेकांना माहीत असतं, पण डोळ्यांपुढे आलेलं नसतं. २०२० मध्ये बर्लिनमधल्या सिमोन वेकर्ट या कलाकाराने हातगाडीत ९९ फोन भरले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती गाडी हळूहळू ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला. म्हणजे ट्रॅफिक कॅमेऱ्यातून दिसत नाही, आपल्याच खिशातून कळतो. याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. हजारो फोनांची माहिती नावाशिवाय एकत्र केली जाते असं गूगल सांगतं, आणि त्याचा फायदा मलाही मिळतो. माझं लक्ष आहे ते खात्याच्या नावावर साठणाऱ्या माहितीकडे.

तो इतिहास फार जुना नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं, की ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी गूगलच्या काही सेवा ठिकाणाची नोंद ठेवतच होत्या, कारण ती नोंद ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ नावाच्या दुसऱ्याच सेटिंगखाली होत होती. त्यावरून अमेरिकेतल्या ४० राज्यांनी चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. दरम्यान फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहरात एका सायकलस्वाराला गूगलकडून ईमेल आला, की पोलिसांनी तुमच्या खात्याची माहिती मागितली आहे. त्याचा गुन्हा काय, तर व्यायामासाठी फेऱ्या मारताना तो एका घरावरून गेला होता आणि त्याच दिवशी त्या घरात चोरी झाली होती. पोलिसांनी माणसाचं नाव दिलंच नव्हतं. त्या वेळी त्या जागेच्या आसपास असलेल्या फोनांची माहिती मागितली होती. बिचाऱ्याला वकील करावा लागला, तेव्हा कुठे तो सुटला.

गूगलने यानंतर सुधारणा केली, हेही सांगायलाच हवं. २०२३ च्या अखेरीस त्यांनी जाहीर केलं, की ‘टाइमलाइन’, म्हणजे तुम्ही कधी कुठे गेलात त्याची नोंद, आता त्यांच्या सर्व्हरऐवजी तुमच्या फोनमध्ये राहील, आणि पुढच्या वर्षभरात तसा बदल होत गेला. हा बदल छोटा नाही. तेवढ्यावर कुणी समाधानी राहिलं तर मी वाद घालणार नाही.

माझा कौल फिरला तो घराच्या खुणेवरून.

नकाशात ‘होम’ आणि ‘वर्क’ अशा दोन खुणा करता येतात. एकदा पत्ता घातला की कुठूनही एका बोटाने घरचा रस्ता निघतो. गूगलच्या मदतपानावर या सोयीची अट लिहिलेली आहे: शोधताना किंवा रस्ता काढताना होम-वर्क वापरायचं असेल तर ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ चालू ठेवावी लागते. म्हणजे तेच २०१८ चं सेटिंग. त्यात फक्त घराचा पत्ता जात नाही. तुम्ही गूगलवर काय शोधलंत, कोणतं ॲप कधी उघडलंत, साधारण कोणत्या भागातून शोधलंत, हे सगळं त्याच खात्यात जमा होत राहतं. २०२० पासून नव्या खात्यांत ही नोंद अठरा महिन्यांनी आपोआप पुसली जाते, पण अठरा महिने म्हणजे दोन पावसाळे धरता येतील एवढा काळ.

मला हे पटत नाही ते एका साध्या कारणासाठी. माझ्या घराचा पत्ता ही दोन ओळींची माहिती आहे. ती माझ्याच फोनच्या एका कोपऱ्यात राहू शकते, तिला सर्व्हरची गरज नाही आणि माझ्या शोधांच्या यादीशी तर तिचा काहीच संबंध नाही. तरीही या दोन गोष्टी एकाच बटणाला बांधल्या आहेत. बटण बंद करायला कुणाची मनाई नाही, फक्त बंद केलं की रोजची एक लहानशी सोय जाते. अशा सोयींसाठीच माणूस शेवटी ‘असू दे चालू’ म्हणतो. मी आसपास विचारलं तेव्हा बहुतेकांनी हेच सांगितलं, की बंद केलं होतं, मग काहीतरी चालेना, म्हणून परत चालू केलं. किती मोठी माहिती किती बारीक सोयीच्या बदल्यात घेतली जाते, ते मला इथे जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं कुठल्याही लांबलचक प्रायव्हसी पॉलिसीत दिसलं नाही.

ऑर्गॅनिक मॅप्समध्ये खातंच नाही. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घ्यायचा, घरावर बोट दाबून बुकमार्क करायचा, नाव द्यायचं ‘घर’. तो बुकमार्क फोनमध्ये राहतो. शोधही फोनमध्येच होतो आणि रस्ताही तिथेच आखला जातो. फोन विमान मोडवर टाका, तरी निळा ठिपका उघड्यावर बरोबर जागी असतो, कारण जीपीएससाठी फोन उपग्रहाचा सिग्नल फक्त घेतो, परत काही पाठवत नाही. बरेच जण ‘जीपीएस चालू म्हणजे कुणीतरी बघतंय’ असं धरून चालतात. बघणारी गोष्ट जीपीएस नसते, त्यावर बसलेलं ॲप असतं.

डोंगरात तर मला दुसरा विचारच सुचत नाही. हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून चढा किंवा खिरेश्वरहून टोलार खिंडीतून या, नेटवर्कचा भरवसा नसतो आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढची वाट दिसत नाही. ऑर्गॅनिक मॅप्सवर पायवाटा दिसतात, उंचीच्या रेषा दिसतात, चढ किती उरलाय त्याचा आलेख दिसतो. या वाटा ओपनस्ट्रीटमॅपवर लोकांनी स्वतः चालून भरलेल्या आहेत. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला हा प्रकल्प सगळ्यांसाठी खुला आहे आणि ऑर्गॅनिक मॅप्स त्याच माहितीवर चालतं. गूगलचा नकाशाही आधी उतरवून ठेवता येतो, पण सह्याद्रीतल्या पायवाटा त्यात माझ्या पाहण्यात कमीच आल्या.

शहरात मात्र चित्र उलटं होतं. चौक, पेठ, देऊळ, स्टेशन सापडतं. सोसायटीचं नाव टाकलं की बऱ्याचदा हाती काही लागत नाही. आपल्याकडे पत्ता ‘अमक्या बँकेच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोर’ असा असतो. गूगलला तो बऱ्यापैकी कळतो, याला कळत नाही. मी जवळचा चौक शोधतो आणि तिथून पुढे डोळ्यांनी ठरवतो. ज्यांना हे कंटाळवाणं वाटेल त्यांचं चूक नाही. नसलेली जागा तुम्ही स्वतःही भरू शकता, मराठी नावासकट. पण ओपनस्ट्रीटमॅपवरची प्रत्येक भर तुमच्या युजरनेमसह जाहीर दिसते, आणि एकाच गल्लीतल्या भरींवरून तुम्ही कुठे राहता ते कुणीही ओळखू शकतं. त्यामुळे खरं नाव वापरू नका आणि घरापासून सुरुवात करू नका.

आणखी एक गोष्ट. फोन अँड्रॉइडचा असेल तर नुसता नकाशा बदलून गूगल फोनमधून जात नाही. वाय-फायच्या मदतीने ठिकाण अचूक करण्याचं सेटिंग वेगळं आहे, बाकीची ॲप्स वेगळी आहेत, आणि मोबाइल कंपनीला टॉवरवरून तुमचा परिसर कळतोच. ऑर्गॅनिक मॅप्समुळे एक दार बंद होतं. माझ्या दृष्टीने ते सर्वांत मोठं दार आहे, कारण माणूस कुठे झोपतो, कुठे जेवतो, कोणत्या डॉक्टरकडे जातो हे इतक्या नेमकेपणाने दुसरं कुठलंही ॲप सांगत नाही.

सध्या माझ्या फोनमध्ये रोजचा नकाशा ऑर्गॅनिक मॅप्स आहे. एक्स्प्रेसवेने मुंबईला निघायचं असेल तर आधी ब्राउझरमध्ये लॉगिन न करता गूगलचा ट्रॅफिक बघतो आणि टॅब बंद करतो. बदल करून बघायचा असेल तर गूगल मॅप्स लगेच काढू नका, महिनाभर दोन्ही ठेवा. गूगलच्या ‘माय मॅप्स’मध्ये स्वतःच्या खुणांचे नकाशे केले असतील तर ते केएमएल फाइल (नकाशावरच्या खुणा साठवणारी फाइल) म्हणून बाहेर काढता येतात आणि ऑर्गॅनिक मॅप्समध्ये उघडतात. गूगल मॅप्सवर तारा लावून ठेवलेल्या जागा मी हाताने पुन्हा भरल्या. निम्म्याहून जास्त जागांची मला गरजच उरली नव्हती. महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वाय-फायवर उतरवा, फाइल मोठी असते. आणि अधूनमधून तो अपडेट करा, नाहीतर नवा उड्डाणपूल त्यात दिसणार नाही.