ढेकळांच्या रानात कोणता पाय?

परभणीकडचे एक भाऊ गुडघ्याखाली पाय गेल्यावर विचारतायत: कृत्रिम पाय रबरी जयपूर फूट घ्यावा की कार्बन फायबरचा? त्यांना तोल जायची भीती आहे.

तोलाचंच आधी. जयपूर फूट 1968 च्या सुमारास घडला तोच अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसासाठी. रबराचा असल्याने तो चहूबाजूंनी थोडा वळतो, म्हणून बांधावर, ढेकळांत टेकतो. कार्बनची पाती दाबली की परत उसळते, पाऊल पुढे ढकलते. सडकेवर चाल हलकी होते. पण बहुतेक कार्बन पाय ठराविक टाचेच्या बुटासाठी जुळवलेले असतात; बूट काढला की माणूस मागे झुकतो. घरात, देवळात अनवाणी वावरणाऱ्याला हे जड जातं.

काळ्या मातीचा चिखल जयपूर फूटवरून धुऊन टाकता येतो. कार्बनच्या पातीवर बसवलेल्या आवरणात माती-खडे गेले की उघडून साफ करावं लागतं. जयपूर फूटचं रबर झिजतं, भेगाळतं, बदलावं लागतं.

खर्चाचं सांगायला नकोच: जयपूर फूट शिबिरांत मोफत मिळतो, कार्बनला हजारो, कधी लाखावर.

आणि सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, सैल असेल तर दोन्ही प्रकारचे पाय सारखेच डगमगतील. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. आधी तंत्रज्ञाकडून सॉकेट आणि जुळणी तपासून घ्या.

शेतात राबणाऱ्याने जयपूर फूट घ्यावा. संभाजीनगरात नोकरी, दिवसभर बूट, भरपूर आणि भरभर चालणं असेल, तर कार्बन. मात्र तो तुमच्या वजनाप्रमाणेच निवडायचा.