बांध कोरला, वाट अडवली, ताबा घेतला: मोजणी, तहसीलदार, पोलीस की दिवाणी दावा?

शेजाऱ्याने बांध कोरला की पारावर तीन सल्ले मिळतात. एक म्हणतो मोजणी आण, दुसरा म्हणतो केस टाक, तिसरा म्हणतो पोलिसांत जा. तिन्ही सल्ले आपापल्या जागी खरे आहेत, पण प्रत्येक दार वेगळ्या भांडणासाठी आहे. चुकीच्या दारात शेतकऱ्याचे पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे मुदत जाते. म्हणून महाराष्ट्रातल्या शेतजमिनीपुरते हे मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आधी स्वतःला विचारा, वाद नेमका कशाचा आहे? हद्दीची रेघ कुठे आहे हे दोघांनाही नक्की माहीत नाही? रेघ माहीत आहे, पण समोरच्याने ती ओलांडून ताबा घेतला? वहिवाटीची वाट अडवली? की जमीन माझीच आहे असे समोरचा म्हणतो? पहिल्याचे उत्तर मोजणी, दुसऱ्याचे तहसीलदार किंवा दिवाणी न्यायालय, तिसऱ्याचे बहुधा तहसीलदार, चौथ्याचे फक्त दिवाणी न्यायालय.

सगळ्यात आधी तारीख

ताबा गेला त्या दिवसापासून 6 महिने, हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जायचे असो की विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 6 खाली दिवाणी न्यायालयात, दोन्हीकडे मुदत 6 महिन्यांचीच. या दोन्ही दारांत मालकी सिद्ध करावी लागत नाही. ताबा माझा होता आणि तो कायद्याचा मार्ग सोडून काढून घेतला, एवढेच दाखवायचे. 6 महिने उलटले की मालकीच्या आधारावर ताब्याचा नेहमीचा दावा उरतो. त्याला 12 वर्षांची मुदत आहे, पण तो लांबतो आणि कागदपत्रांचा सारा भार आपल्यावर येतो.

होते काय, की शेतकरी मोजणीचा अर्ज भरतो आणि क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात येईपर्यंत थांबतो. ताबा जूनमध्ये गेलेला, मोजणी डिसेंबरात, नकाशा जानेवारीत. तोवर दोन्ही सोपी दारे बंद. मोजणीचा अर्ज केल्याने मुदत थांबत नाही. ताबा अलीकडे गेला असेल तर तहसीलदारांकडे अर्ज आणि मोजणीचा अर्ज एकाच आठवड्यात करा.

बांध कोरण्याचा हिशेबही एकदा मांडून पाहा. 200 मीटर लांबीच्या बांधावर दर पेरणीला नांगराचे एक तास (फाळाची एक रेघ), समजा 25 सेंटिमीटर, आत सरकले तर वर्षाला 50 चौरस मीटर जातात, म्हणजे अर्धा आर. 12 वर्षांत 6 आर. दरवर्षीची पट्टी वेगळी असल्याने सगळ्यात जुन्या पट्टीची 12 वर्षे आधी भरतात, आणि समोरचा प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे ‘12 वर्षे ताबा माझा, म्हणून जमीन माझी’ असा, बचाव पहिल्यांदा त्याच पट्टीवर घेतो. त्यासाठी त्याला उघड, सलग आणि मालकाविरुद्ध ताबा सिद्ध करावा लागतो, हे खरे. पण त्याला ती संधी कशाला द्यायची? दरवर्षी पेरणीआधी बांधाची रुंदी तीन-चार ठिकाणी टेपने मोजा आणि विहीर किंवा विजेचा खांब फ्रेममध्ये धरून तारखेसह फोटो काढा. मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका. न्यायालयात फोटो देताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

मोजणी: काय देते, काय देत नाही

अर्ज भूमी अभिलेख खात्याच्या ई-मोजणी पोर्टलवर किंवा तालुक्याच्या उपअधीक्षक कार्यालयामार्फत होतो. प्रकार निवडताना ‘हद्द कायम’ निवडायचे. ताजा सातबारा, आठ-अ आणि चारही बाजूंच्या खातेदारांची नावे-पत्ते लागतात. या नावांत हयगय करू नका. मयत खातेदाराच्या नावाने नोटीस गेली आणि त्याच्या वारसांना गेली नाही, तर मोजणी कितीही अचूक असली तरी ‘आम्हाला कळवलेच नाही’ या एका वाक्यावर ती न्यायालयात लंगडी पडते.

मोजणीच्या दिवशी उसाचे उभे पीक असेल तर टोकाचे दगड सापडत नाहीत आणि यंत्राला समोरचे दिसत नाही. म्हणून पीक निघाल्यावरची तारीख धरा. दगड, चुना, खुणा रोवायला दोन माणसे तयार ठेवा. भूकरमापक आधी प्रत्यक्ष वहिवाट मोजतो, मग ती जुन्या नकाशावर, टिपणावर (मूळ मोजणीची मापे) किंवा फाळणीवर (पोटहिस्स्यांचा नकाशा) बसवतो. क प्रतीवर वहिवाटीची आणि अभिलेखाची रेघ वेगळी दिसते. या दोन रेघांमधली जागा म्हणजे तुमचा वाद. शेजाऱ्याने सही नाकारली तरी मोजणी थांबत नाही, तसा शेरा आणि पंचांचा जबाब घेतला जातो.

मोजणी कुठून सुरू होते, तिकडे लक्ष ठेवा. सुरुवात वादातल्या बांधावरून झाली तर चूक सगळ्या गटात पसरते. जुना दगड, तीन गटांचा सामायिक कोपरा किंवा शिवेची खूण, अशा दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या जागेवरून ती व्हावी. तुमचे क्षेत्र कमी भरले म्हणून ते याच शेजाऱ्याने घेतले, असेही लगेच धरू नका. कमतरता दुसऱ्या टोकालाही असू शकते, म्हणून मोजणी पूर्ण गटाची करा.

रोव्हरने (उपग्रहाच्या आधाराने मोजणाऱ्या यंत्राने) मोजले म्हणजे सेंटिमीटरपर्यंत खरे, असा समज पसरला आहे. यंत्र तेवढे अचूक असते, जुना नकाशा नसतो. 1:4000 प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर 2 मीटर होते. दोन मोजण्यांत हातभराचा फरक आला तर कुणी पैसे खाल्ले असेच काही नाही. निकाल मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. फरक हात-दीड हाताचा असेल तर तीवर खर्च करण्याआधी दोनदा विचार करा.

आता सगळ्यात मोठी अडचण. गटाचा सातबारा सामायिक आहे, भावाभावांनी तोंडी वाटून घेतले आहे आणि पोटहिस्स्याचा नकाशाच नाही. अशा ठिकाणी हद्द कायम मोजणी गटाची बाहेरची हद्द दाखवेल, आतली नाही, कारण आतली रेघ अभिलेखातच नाही. तिथे सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीने पोटहिस्सा मोजणी, किंवा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 85 खाली वाटप, आणि संमती मिळत नसेल तर वाटपाचा दावा. चुलतभावाविरुद्ध हद्द कायम मोजणीचे शुल्क भरण्याआधी फाळणी बारा (पोटहिस्स्यांच्या मोजणीचा अभिलेख) निघतो का, हे कार्यालयात पाहून या.

मोजणी ताबा देत नाही, हे ठसवून सांगायला हवे. भूकरमापक खुणा दाखवून निघून जातो. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घालून ‘आपली’ पट्टी नांगरणारा शेतकरी स्वतःच आरोपी होतो. महसूल संहितेचे कलम 138 चुकीच्या ताब्यातल्या खातेदाराला काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना देते, पण तो हद्दीचा रीतसर निर्णय झाल्यावर. नुसती क प्रत म्हणजे तो निर्णय नव्हे.

तहसीलदार की दिवाणी न्यायालय?

ताबा 6 महिन्यांच्या आत गेला, जमीन शेतीची आहे आणि तुमची वहिवाट गावाला माहीत आहे, तर आमचे मत तहसीलदारांच्या बाजूने. स्थळ पाहणी होते, पंचनामा होतो, खर्च कमी येतो. आदेशाविरुद्ध अपील नाही, फक्त मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 23 खाली फेरतपासणी. मात्र हा अर्ज साधे निवेदन नसून वाद-अर्ज असतो. त्यात ताबा किंवा वाट कुठल्या तारखेला गेली ते लिहावेच लागते. ‘गेल्या काही दिवसांपासून त्रास देत आहेत’ असे लिहिलेले अर्ज इथेच अडकतात, कारण त्यावरून 6 महिने मोजता येत नाहीत. ‘दि. 14 जून रोजी सकाळी पूर्व बांधावरील तीन दगड काढून उत्तरेकडून सुमारे 40 मीटर लांबीत पाळी घातली’ असे लिहा, साक्षीदारांची नावे द्या आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडा.

तहसीलदार मालकी ठरवत नाहीत. समोरच्याकडे खरेदीखत असेल, फेरफारावर वाद असेल किंवा वारसाचा प्रश्न असेल, तर दिवाणी दाव्याशिवाय गत्यंतर नाही. तिथे मागण्या नीट मांडाव्या लागतात. मालकीवरच गंभीर शंका घेतली गेली असताना नुसता मनाईचा दावा टिकत नाही, मालकी ठरवून मागावी लागते. ताबा गेलेला असताना नुसती मनाई मागणे ही त्याहून मोठी चूक, तिथे ताबाही मागायचा. सातबारा इथे उपयोगी आहे, पण त्याचे बळ मर्यादित आहे. महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, ती मालकीचा दस्त नाही.

दिवाणीचा एक मोठा फायदा म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 नियम 9 खालची कोर्ट कमिशनरची मोजणी. हद्दीच्या दाव्यात ती लवकर मागून घ्या. दोन्ही बाजूंसमोर, न्यायालयाच्या आदेशाने झालेली ही मोजणी खासगी अर्जाच्या मोजणीपेक्षा जास्त वजनाची ठरते. पेरणी तोंडावर असेल तर आदेश 39 खाली तात्पुरती मनाई मागा. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 चा दावा शासनाविरुद्ध चालत नाही आणि त्याच्या निकालावर अपील नाही, पण हरलेल्याला मालकीचा दावा खुला राहतो.

वाट: कलम 5 आणि कलम 143

हे दोन अर्ज फार घोळतात. पूर्वीपासून वापरात असलेली वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियमाचे कलम 5, इथे पुन्हा 6 महिने. शेताला वाटच नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल तर महसूल संहितेचे कलम 143, इथे 6 महिन्यांची अट नाही. 143 च्या निर्णयाविरुद्ध 1 वर्षात दिवाणी दावा करता येतो. जुन्या वाटेसाठी 143 चा अर्ज केला तर ‘वाट आधी नव्हती’ हे तुम्हीच लिहून दिल्यासारखे होते. 20 वर्षे अखंड, उघड आणि हक्काने वापरलेल्या वाटेला सुविधाधिकार अधिनियम 1882 च्या कलम 15 चा आधार आहे, तो दिवाणी न्यायालयात मागायचा.

पोलीस

शेतात नुसते पाऊल टाकणे हा फौजदारी गुन्हा नाही. भारतीय न्याय संहिता 2023 च्या कलम 329 प्रमाणे गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. शिक्षा 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणूनच ‘हा दिवाणी वाद आहे’ हे ठाण्यातले उत्तर पुष्कळदा खरे असते. पण मारहाण, धमकी, पीक कापून नेणे, सरकारी मोजणीच्या खुणा उपटणे हे दिवाणी नाही. तिथे लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. ती पोहोच पुढे तहसीलदारांसमोर तारखेचा पुरावा होते.

दोन्ही बाजू काठ्या घेऊन उभ्या असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 164 खाली कार्यकारी दंडाधिकारी ताबा कुणाचा एवढेच पाहतात. त्याआधीच्या 2 महिन्यांत बळाने काढलेला ताबा ते मूळ माणसाचाच धरू शकतात.

गुरे पिकात शिरली तर 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्याने ती धरून 24 तासांत कोंडवाड्यात पोहोचवता येतात. गोठ्यात बांधून ठेवू नका.

कुंपण घालताना

मोजणी होण्याआधी वादातल्या रेघेवर खांब रोवू नका. भांडण टाळायला बरेच जण दोन फूट आत सरकून तार ओढतात आणि तीच पुढे ‘मान्य हद्द’ म्हणून पुढे येते. आत सरकायचेच असेल तर ‘कुंपण माझ्या सोयीसाठी हद्दीच्या आत घेतले आहे’ असे पत्र शेजाऱ्याला पोहोचपावतीच्या टपालाने पाठवा आणि हद्दीवरचे दगड जागेवर राहू द्या. तारेत घरगुती विजेचा प्रवाह कधीही सोडू नका. त्यात माणूस मेला तर मृत्यूचा गुन्हा तुमच्यावर दाखल होतो, आणि मरणारा बहुतेकदा ज्याच्याशी वाद आहे तो नसतो.

तडजोड केली तर

फरक दोन-चार आरांचा असेल आणि शेजार पिढ्यानपिढ्यांचा असेल, तर तडजोड हाच आम्हाला पहिला मार्ग वाटतो. मात्र स्टॅम्पपेपरवर नोटरी करून जमिनीचा हक्क बदलत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. दावा आधीच चालू असेल तर लोकअदालत बरी. तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो आणि त्यावर अपील नसते. दोघांच्या जमिनी एकमेकांच्या ताब्यात 12 वर्षांपासून असतील तर 3 जानेवारी 2023 च्या शासन निर्णयाची सलोखा योजना पाहा. अदलाबदलीच्या दस्तावर मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी शुल्क 1000 रुपये, एवढीच आकारणी तिच्यात आहे. दस्त करण्याआधी योजनेची चालू मुदत दुय्यम निबंधकांकडे विचारून घ्या. कुठल्याही मार्गाने रेघ ठरली, तरी दोघांच्या सह्यांची क प्रत दस्ताला जोडा, टोकाचे दगड त्याच दिवशी दोघांनी मिळून रोवा आणि फेरफाराचा अर्ज तलाठ्याकडे लगेच द्या.