समृद्धीवर जाण्यासाठी भाड्याची गाडी : ठाण्यातल्या एका दुकानाचा अनुभव

नाताळच्या सुट्टीत सासू-सासऱ्यांना घेऊन ठाण्याहून नागपूरला गेलो. वाटेत सिंदखेडराजा, लोणार आणि सेवाग्राम करायचं होतं. ट्रेनचं आरक्षण वेटिंगवर होतं, आणि लोणारला तर रेल्वे जातच नाही. आमची वॅगन-आर अकरा वर्षांची झाली, तिला एवढ्या लांब न्यायचं नव्हतं. म्हणून सेल्फ ड्राइव्ह गाडी भाड्याने घेतली. पाच दिवस, १,६१८ किलोमीटर. ज्यांना आमच्यासारखं घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन समृद्धीने, म्हणजे मुंबई-नागपूर महामार्गाने, जायचंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी एका ॲपवरून बुकिंग केलं होतं. फोटोतली गाडी चकाचक, भाडंही कमी. पण मी अट घातली होती की निघायच्या आठवडाभर आधी गाडी प्रत्यक्ष दाखवा. त्यांनी मानपाड्याला बोलावलं. गाडीला पांढरी नंबर प्लेट, काळी अक्षरं. म्हणजे खासगी गाडी. स्वतः चालवायला भाड्याने दिली जाणारी गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवताना अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, कारण खासगी विमा भाड्याच्या वापरासाठी नसतोच. असं झालं तर अंगावर येतं ते गाडी चालवणाऱ्याच्या आणि मालकाच्या. त्या मुलाला हे विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, सगळे अशीच घेतात."

मग मी टायर पाहिले. माझ्या वडिलांचं कल्याणला पंक्चर आणि टायरचं दुकान होतं. शाळेतून आल्यावर मी तिथेच अभ्यासाला बसायचे, त्यामुळे गाडी दिसली की माझी नजर आधी खाली जाते. टायरच्या बाजूला 'डॉट'च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उजव्या मागच्या टायरवर १११९ होतं, म्हणजे २०१९ सालातला अकरावा आठवडा. सहा वर्षांहून जुना. बाजूच्या रबरावर केसांसारख्या बारीक भेगा पडलेल्या, आतल्या कडेला नक्षी जवळजवळ गोटा झालेली. अशा टायरवर आमची पाच माणसं घेऊन समृद्धीवर जायचं? मी तिथल्या तिथे बुकिंग रद्द केलं. त्यात १,५०० रुपये कापले गेले. त्याचं वाईट वाटलं, पण ती गाडी न घेतल्याचं मुळीच नाही.

समृद्धीवर टायरचं एवढं महत्त्व का, ते सांगते. जवळजवळ सगळा रस्ता सिमेंट काँक्रीटचा आहे, सरळ आहे, आणि ७०१ किलोमीटरमध्ये सिग्नल लागत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला टायर दर पाच मिनिटांनी थांबतो, समृद्धीवर तो तासन्‌तास एका वेगात फिरत राहतो आणि तापत जातो. हवा कमी असेल तर टायरची बाजू जास्त दबते, मग आणखी तापतो. जुनं, कडक झालेलं रबर ते सहन करत नाही. टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे २०२३ मध्ये परिवहन खात्याने समृद्धीच्या प्रवेशावरच टायर तपासायला सुरुवात केली होती. माझे वडील म्हणायचे, इंजीन बंद पडलं तर गाडी उभी राहते, टायर गेला तर गाडी उभी राहत नाही.

मग माजिवड्याजवळच्या गल्लीतलं दुकान सापडलं. बोर्डावर नाव नाहीच, नुसतं 'सेल्फ ड्राइव्ह गाड्या भाड्याने मिळतील' एवढंच. मालक साठीचे. टेबलावर रजिस्टर आणि मागे खिळ्यांना लटकवलेल्या किल्ल्या. मी म्हटलं, "काका, बुकिंगच्या आधी गाड्या पाहायच्यात, आणि सासऱ्यांनाही आणणार आहे." ते म्हणाले, "आणा ना ताई. बसायचं त्यांना आहे." त्या एका वाक्यावर मी निम्मा निर्णय घेतला होता.

बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, उजव्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकवताना त्यांना त्रास होतो. ते कधी तक्रार करत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे बघूनच कळतं. दुकानासमोर तीन गाड्या उभ्या केल्या होत्या. पहिली डिझायर. डिकी मोठी, ॲव्हरेज चांगलं, भाडं सगळ्यात कमी. बाबा बसायला गेले आणि सीट खाली असल्याने शेवटचं थोडं अंतर अक्षरशः पडल्यासारखे बसले. उठताना दाराची चौकट आणि माझा खांदा, दोन्ही लागले. दुसरी स्कॉर्पिओ. तिथे उलटं, पाय एवढा उंच उचलायचा की डावा पाय आधी टाकून उजवा हाताने ओढून घ्यावा लागला. तिसरी अर्टिगा. ते दाराशी उभे राहिले, पाठ सीटकडे केली, बसले, आणि दोन्ही पाय एकत्र आत फिरवले. कुणाचा हात लागला नाही. उठताना तसंच. मी त्यांना तीनदा बसायला-उठायला लावलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "पुरे आता, हीच." पाच दिवसांत ते किमान तीस वेळा तरी उतरले-चढले असतील, तेही कुणाच्या आधाराशिवाय. माझ्या दृष्टीने गाडीची निवड तिथेच झाली.

काकांकडे इनोव्हा क्रिस्टाही होती, दिवसाला ५,५०० रुपयांना. गाडी उत्तमच, पण पाच माणसांना तेवढी नको होती. अर्टिगा दिवसाला ३,२००, रोजचे ३०० किलोमीटर धरून, वरच्या प्रत्येक किलोमीटरला १२ रुपये. डिपॉझिट १०,०००. त्यांच्याकडे पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन अर्टिगा होत्या. सीएनजीची टाकी डिकीत असते आणि आमच्याकडे पाच जणांच्या बॅगा, व्हीलचेअर आणि सासूबाईंचा लाडवांचा डबा. शिवाय रांगेत उभं राहायचं नव्हतं. पेट्रोल घेतली आणि तिसरी रांग दुमडून सगळं सामान मागे लावलं.

या अर्टिगाचेही टायर पाहिले. पुढच्या दोघांवर २३२३, मागच्या दोघांवर २०२४ मधले आकडे. खाचेत नखाचं टोक घालून पाहिलं, पुढची नक्षी थोडी झिजलेली, पण एकसारखी. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला, म्हणजे दीडेक मिलिमीटर उरली. इथे तेवढं अंतर बरंच होतं. बाहेरची आणि आतली कड दोन्ही सारखी झिजलेली, म्हणजे चाकांची अलाइनमेंट बिघडलेली नाही. स्टेपनी काढून पाहिली. ती नवी होती, पण जॅकचा दांडा नव्हता. काका जरा वरमले आणि शेजारच्या गाडीतला आणून दिला. हे आधी पाहिलं नसतं, तर मेहकरच्या पुढे कुठेतरी कळलं असतं.

आता या दुकानाच्या उणिवा. गाडीला ८० चा स्पीड गव्हर्नर (ताशी ८० च्या पुढे वेग जाऊ न देणारं यंत्र) आहे, हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही. मी करार वाचताना विचारलं तेव्हा म्हणाले. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, त्यामुळे ज्याला त्या वेगाने जायचंय त्याला हे आधी कळायलाच हवं. दुसरं, दुकान सकाळी नऊला उघडतं. आम्हाला पहाटे निघायचं असल्याने गाडी आदल्या संध्याकाळी घ्यावी लागली आणि त्याचे ८०० रुपये वेगळे. डिपॉझिट परत यायला चार दिवस लागले. मधल्या सीटचं कव्हर हातभर फाटलेलं होतं, तेही आम्ही आधी व्हिडिओत घेतलं म्हणून नंतर विषय निघाला नाही. गाडी घेताना मी चारही बाजू, छत, काच, किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा असा सलग व्हिडिओ काढते आणि लगेच मालकाला पाठवते. करारात नवऱ्याचंही लायसन्स दुसरा चालक म्हणून नोंदवून घेतलं. हे न करता दुसऱ्याने गाडी चालवली, तर विम्याची तीच अडचण.

२५ डिसेंबरला पहाटे साडेपाचला वर्तकनगरहून निघालो. भिवंडीकडून आमणेला पोचलो, तिथून समृद्धी सुरू होते. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून ठाणेकरांना कसारा घाटात ट्रकच्या मागे रांगायची गरज उरलेली नाही. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं आणि लेक ओरडली, "आपण नाशिक जिल्ह्यात!"

८० च्या गव्हर्नरबद्दल मला खरं काय वाटलं ते लिहिते. काटा ८० वर आला की पाय कितीही दाबा, गाडी पुढे सरकत नाही. पहिल्या तासात चुकल्यासारखं वाटलं. डावी लेन धरली. उजवीकडून गाड्या सुंसुं करत जात होत्या. पण दोन तासांनी मी थांबून टायरला हात लावला, तर ते कोमट होते. बाबांना मागून येणाऱ्या गाड्यांची भीती वाटत नव्हती, सासूबाई झोपल्या होत्या. एकसारख्या रस्त्यावर डोळे जड होतात, म्हणून दर दीड तासाला थांबून चालकाची अदलाबदल केली. पाच माणसांची गाडी चालवताना आता मला ८० पुरे. फक्त ओव्हरटेक करताना अंतर नीट धरायचं, कारण अंगात वेग उरलेला नसतो.

हवा रोज सकाळी, गाडी गार असताना तपासली. किती हवी ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. पंपवाल्याला "नेहमीची भर" म्हणायचं नाही, आकडा सांगायचा. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो, तो पाहून हवा काढायची नाही.

टोल समृद्धीवर बाहेर पडताना अंतराप्रमाणे कापला जातो. फास्टॅग काकांच्या नावावर, त्यामुळे मेसेज त्यांच्याकडे जायचे आणि ते मला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. एकही चुकलेला नव्हता. फास्टॅगचा वार्षिक पास चालेल का, असं मला दोघींनी विचारलं. तो खासगी गाड्यांना आणि राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. काळ्या पाटीला नाही, आणि समृद्धीवरही नाही.

सिंदखेडराजाला दुपारी साडेबाराला पोचलो. लखुजी जाधवांच्या राजवाड्यात बाबा जिजाऊंच्या जन्मस्थानापाशी बराच वेळ गप्प उभे होते. लोणारला सरोवराच्या काठावरून सूर्यास्त पाहिला. खाली उतरायचं बाबांना जमणार नव्हतं, तर ते गाडीतच दार उघडं ठेवून बसले, पाय बाहेर, हातात चहा. ही सोयही त्या सीटच्या उंचीने झाली. सेवाग्राममध्ये बापूकुटी, मग नागपूर.

एकूण खर्च : भाडं १६,०००, वरचे ११८ किलोमीटर १,४१६, पेट्रोल दहा हजारांच्या आसपास (लिटरला १७ चं ॲव्हरेज पडलं, एसी चालू ठेवून), टोल साधारण २,८००, आणि ते ८००. पाच जणांचे मिळून एकतीस हजार.

परत दिली त्या दिवशी काकांनी आधी गाडीभोवती फेरी मारली नाही. वाकून पुढचे टायर पाहिले, हात फिरवला आणि विचारलं, "त्रास नाही ना झाला?" मी म्हटलं, पुढचे दोन आता बदलायला घ्या. त्यांनी रजिस्टरमध्ये गाडीच्या नंबरासमोर तसं लिहून घेतलं. मार्चमध्ये सासूबाईंच्या भाचीचं लग्न वर्ध्याला आहे, त्यासाठी हीच गाडी आत्तापासून सांगून ठेवली आहे. तोवर नवे टायर बसवून ठेवतो, असं ते म्हणालेत. बसवले की नाही, ते मी गाडी घ्यायला जाईन तेव्हा चार आकडे वाचून बघणारच आहे.