७८७बीच्या ओढीने रोटरी मोटार घ्यायची, तर आरएक्स-७ की आरएक्स-८?

२३ जून १९९१ रोजी फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत माझदा ७८७बी या नारिंगी-हिरव्या गाडीने जिंकली. वाइडलर, हर्बर्ट आणि गाशो यांनी ५५ क्रमांकाच्या त्या गाडीतून ३६२ फेऱ्या मारल्या, आणि पिस्टनऐवजी फिरत्या त्रिकोणी रोटरवर चालणाऱ्या, म्हणजे रोटरी इंजिनाने ही शर्यत जिंकण्याचा तो आजवरचा एकमेव प्रसंग आहे. तो आवाज कानात बसलेल्या माणसाने रोटरी मोटार घ्यायची ठरवली, तर आज त्याच्यापुढे मुख्यतः माझदाच्याच दोन जुन्या गाड्या येतात : १९९१ ते २००२ या काळात बनलेली तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ आणि २००३ ते २०१२ या काळातली आरएक्स-८. आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या मालवाहू गाड्या व मिनीबस यांमुळेच परिचित असल्याने हा पेच खरा जपान, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातल्या मराठी माणसाचा आहे.

७८७बीच्या इंजिनात प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरचे चार रोटर होते. या दोन्ही मोटारींत त्याच घनफळाचे दोन आहेत. मात्र शर्यतीच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, नव्हता. प्रत्येक रोटरला तीन स्पार्क प्लग आणि वेगानुसार लांबी बदलणाऱ्या हवेच्या नळ्या यांच्या बळावर ते मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर सुमारे ७०० अश्वशक्ती देत असे. त्यामुळे त्याच वर्षी बाजारात आलेली, दोन टर्बोंची आरएक्स-७ दिसायला वारस वाटली, तरी टर्बोविना ९,००० फेऱ्यांपर्यंत चढणारी आरएक्स-८ स्वभावाने त्या गाडीच्या अधिक जवळची आहे, असे माझे मत आहे. हे नाते ताणूही नये, कारण शर्यतीच्या इंजिनात रोटरभोवतीच्या कवचाच्या परिघावर असलेली धूर बाहेर टाकण्याची वाट आरएक्स-८मध्ये बाजूच्या भिंतीत नेलेली आहे.

ताकदीत आरएक्स-७ सरस आहे. जपानमधील शेवटच्या वर्षांत तिची शक्ती २८० अश्वशक्तीपर्यंत गेली होती, आणि ती वजनाला हलकीही आहे. ७८७बीच्या विजयात तिच्या ८३० किलो वजनाचा मोठा वाटा होता, कारण प्रतिस्पर्धी मर्सिडीज आणि जॅग्वार गाड्यांना १,००० किलोंची अट होती. त्या दृष्टीने पाहिल्यास वारसा पुन्हा आरएक्स-७कडे झुकतो. आरएक्स-८च्या वरच्या आवृत्तीची शक्ती सुमारे २५० अश्वशक्ती असली, तरी तिच्यात चार माणसे खरोखर बसतात आणि मागची दारे उलट्या दिशेने उघडतात, ही घरच्यांची संमती मिळवताना लहान गोष्ट नाही.

खरी अडचण टिकाऊपणाची आहे. विजयानंतर उघडलेले ७८७बीचे इंजिन उत्तम स्थितीत आढळले. पण चोवीस तास एकाच तापमानात फिरणारे इंजिन आणि रोज सकाळी दोन किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत जाऊन थंडच बंद होणारे इंजिन यांचे आयुष्य सारखे नसते. आरएक्स-८मध्ये स्पार्क प्लगला वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइल कमजोर होतात, रोटरच्या टोकांवरील एपेक्स सील, म्हणजे दाब अडवून धरणाऱ्या पट्ट्या, झिजतात आणि कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा दाबली जाण्याचे प्रमाण, उतरते. अमेरिकेत कंपनीला इंजिनाची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली होती. २००९च्या सुधारित आवृत्तीत सीलच्या मध्यभागीही तेल पोहोचवण्याची सोय झाली, म्हणून शक्यतो तीच पाहावी. आरएक्स-७मध्ये उष्णता हा शत्रू आहे. दोन टर्बोंचे नियंत्रण करणाऱ्या रबरी नळ्यांचे जाळे वर्षानुवर्षे तापून कडक होते, आणि कोणती नळी चिरली आहे हे शोधण्यात मेकॅनिकचे दिवस जातात. दोन्ही इंजिने सीलच्या वंगणासाठी थोडे तेल मुद्दाम जाळतात, त्यामुळे तेलाची पातळी वारंवार पाहावी लागते. मायलेजची अपेक्षा ठेवूच नये.

२०२३ साली आलेल्या एमएक्स-३० आर-ईव्हीमध्येही एक रोटर आहे, परंतु तो केवळ वीज निर्माण करतो, चाके फिरवत नाही. म्हणून या निवडीत तिचा विचार केलेला नाही.

रोज चालवायची आणि कुटुंबालाही न्यायची असेल, तर सुधारित आरएक्स-८ घ्यावी आणि इंजिन पुन्हा बांधण्याचा खर्च आधीच बाजूला ठेवावा. जपून ठेवायची, रविवारी पहाटे बाहेर काढायची आणि किमतीची फिकीर नसेल, तर आरएक्स-७ घ्यावी; मात्र आधीच्या मालकाने टर्बोचा दाब वाढवलेली गाडी टाळावी. कोणतीही घेतली तरी गरम इंजिनावर रोटरीसाठीच्या खास उपकरणाने कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, कारण प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे साध्या गेजवर कळत नाहीत. विक्रेता या चाचणीला टाळाटाळ करत असेल, तर पुढे बोलणी करू नयेत.