थरारपटाची सुरुवात: प्रेक्षकाला सांगावं की त्याच्यापासून लपवावं?

पहिलाच थरारपट किंवा लघुपट करणारे बरेच जण सुरुवातीच्या दृश्यासाठी अंधार, पाऊस आणि दचकवणारे आवाज गोळा करत बसतात. त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी: पहिल्या काही मिनिटांत प्रेक्षकाला काय कळू द्यायचं? कॅमेरा, आवाज, खर्च हे सगळं त्यावर अवलंबून असतं. तीन चित्रपट शेजारी ठेवले की फरक लख्ख दिसतो.

ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ एव्हिल’ (१९५८) सगळं सांगून टाकतो. सुरुवातीलाच हातात धरलेला टाइमबॉम्ब दिसतो. वेळ लावली जाते, बॉम्ब एका गाडीच्या डिकीत जातो, एक जोडपं येऊन गाडीत बसतं आणि गाडी निघते. तिथून कॅमेरा क्रेनवर (त्याला उंच नेणाऱ्या यंत्रावर) उचलला जातो आणि मेक्सिको-अमेरिका सीमेवरच्या गावातून फिरतो. बॉम्ब दिसल्यापासूनचा हा सगळा, एकही कट नसलेला, सव्वातीन मिनिटांहून जास्त लांबीचा एकच शॉट आहे. वाटेत चार्ल्टन हेस्टन आणि जॅनेट ली हे नवं जोडपं पायी चाललेलं दिसतं. गाडी कधी त्यांच्या पुढे जाते, कधी बकऱ्यांच्या कळपामुळे अडते आणि हे दोघं पुन्हा तिच्या जवळ येतात. सीमाचौकीवर पहारेकऱ्यांच्या गप्पा रंगतात. गाडीतली बाई म्हणते की डोक्यात टिकटिक ऐकू येतेय, पण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. एरवी कंटाळवाण्या वाटल्या असत्या अशा या गोष्टी आहेत. डिकीत काय आहे हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे मात्र त्यातली प्रत्येक गोष्ट जीव टांगणीला लावते.

थरारपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हेच सांगितलं होतं. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं, तर पंधरा मिनिटांचा ताण मिळतो.

‘टच ऑफ एव्हिल’च्या या दृश्याची दोन रूपं आवर्जून बघा. १९५८च्या प्रतीत शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत आहे. १९९८ साली संकलक वॉल्टर मर्चने, वेल्सने स्टुडिओला बदल सुचवण्यासाठी लिहिलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे, चित्रपट पुन्हा संकलित केला. त्यात नामावली आणि ते संगीत काढून गाडीचा रेडिओ, नाइटक्लबांची गाणी, रस्त्याचा गलका एवढंच ठेवलं. मॅन्सिनीचा ठेका उत्तम आहे, पण मला १९९८चं रूप जास्त परिणामकारक वाटतं. गाडी चौकटीबाहेर गेली तरी तिचा रेडिओ ऐकू येतो, आणि बॉम्ब जवळ आला की लांब गेला हे कानांनाच कळतं.

स्पीलबर्गचा ‘जॉज’ (१९७५) नेमका उलटा आहे. नामावली चालू असताना कॅमेरा पाण्यातून सरकतो, जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर वाजतात. काहीतरी आहे एवढंच कळतं, काय ते दिसत नाही. रात्री पोहायला गेलेली मुलगी पाण्यात खेचली जाते आणि तिच्या सोबतचा मुलगा दारूच्या नशेत किनाऱ्यावर पडलेला असतो. यांत्रिक शार्क चित्रीकरणात वारंवार बिघडत होता, म्हणूनही तो कमी दाखवला गेला. कमी पैशांत करण्यासारखा हा मार्ग आहे, मात्र अभिनेत्रीचं शरीर आणि आवाज यांवर सगळा भार येतो. शिवाय लपवलेलं कधीतरी दाखवावं लागतं, आणि तेव्हा ते प्रेक्षकाच्या कल्पनेपेक्षा फिकं पडून चालत नाही.

श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (२०१८) तिसरी वाट धरतो. कोबीचं शेत, एका डोळ्याने आंधळा ससा, मागे बंदूकवाला, गोळीचा आवाज. मग पुण्यातल्या पियानोवादकाची गोष्ट सुरू होते आणि ससा बाजूला पडतो. याला मी ताण म्हणणार नाही, हे कुतूहल आहे. सशाचा हिशेब अगदी शेवटी चुकता होतो. मधे दोन तासांची गुंतागुंत असल्यामुळेच तो परिणाम साधतो.

म्हणून दहा-बारा मिनिटांच्या लघुपटाला मी पहिला मार्ग सुचवेन. क्रेन लागत नाही. एक खोली, दोन माणसं आणि त्यातल्या एकाला माहीत नसलेली, पण प्रेक्षकाला दिसलेली एक वस्तू पुरते. ध्वनीवर काम करणारं हाताशी कोणी चांगलं असेल आणि संकट माणसाकडून येणारं नसेल, तर ‘जॉज’चा मार्ग घ्या. सशाच्या वाटेला मात्र शेवटचं दृश्य लिहून झाल्याशिवाय जाऊ नका.

पहिला मार्ग घेतलात तर वेळेशी खेळू नका. वेल्सच्या बॉम्बवर लावलेली वेळ आणि शॉटची लांबी जवळपास जुळते. पाच मिनिटांचा धोका दाखवून तो पंधरा मिनिटं ताणलात, तर प्रेक्षक मनातल्या मनात मोजत असतो आणि त्याचा विश्वास उडतो.