चर्चच्या हॉलमधले नऊ महिने : वापरानंतरचा अनुभव

इंग्लंडात आमच्या घराजवळच्या चर्चला जोडून एक कम्युनिटी सेंटर आहे, तिथला हा अनुभव. आधी खर्च सांगते, कारण सगळे तेच पहिल्यांदा विचारतात. लहान मुलांच्या गटाला एका कुटुंबाचे २ पौंड, त्यात चहा आणि मुलांना टोस्ट. ज्येष्ठांच्या गुरुवारच्या जेवणाला ५ पौंड. बाकी सगळं फुकट. सुट्टे पैसे न्यावेत. कार्डाचं यंत्र आहे, पण ते चालू असलेलं मी नऊ महिन्यांत दोनदाच पाहिलं.

दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो : "धर्माचं काही मागे लागत नाहीत ना?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, ते पुढे येईलच.

आम्ही इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतो. नवरा गाड्यांच्या कंपनीत, मी डिपेंडंट व्हिसावर, आणि मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा. त्याच्या तपासणीला आलेल्या हेल्थ व्हिजिटरने वजन-उंची घेऊन झाल्यावर मला विचारलं, "दिवसभर तुम्ही कोणाशी बोलता?" मी म्हटलं, "याच्याशी." ती हसली नाही. तिने एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. आमच्यापासून बारा मिनिटांवरच्या चर्चला जोडून असलेलं कम्युनिटी सेंटर.

मी मूळची सांगलीची. आमच्याकडे चर्चशी संबंध आला तो मिरजेच्या मिशन हॉस्पिटलपुरता. आजीचा मोतीबिंदू तिथेच काढला होता. पण आजारी नसताना, काही काम नसताना चर्चच्या आवारात शिरायचं म्हणजे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या मंगळवारी मी प्रॅम ढकलत दारावरून दोनदा पुढे गेले. तिसऱ्यांदा आतल्या एका आजोबांनीच दार उघडून धरलं आणि "चहा गरम आहे" एवढंच म्हणाले.

आत आपल्या मंगल कार्यालयासारखाच हॉल. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा, भिंतीला एकावर एक रचलेल्या खुर्च्या, स्वयंपाकघराला एक मोठी खिडकी आणि तिच्यातून बाहेर येणारे कप. खेळणी मागच्या कपाटात असतात. सकाळी नऊला दोन-तीन निवृत्त मंडळी ती मांडतात आणि साडेअकराला परत भरून ठेवतात. मुलं रांगतात, एकमेकांच्या हातातलं ओढून घेतात, शेवटी गोल बसून बडबडगीतं होतात. यात विशेष ते काय, असं मलाही पहिले दोन आठवडे वाटलं. मी कोपऱ्यात बसायची, चहा घ्यायची आणि घरी यायची.

तिसऱ्या आठवड्यात खिडकीतल्या बाईंनी माझ्या हातात पुसायचं फडकं दिलं. विचारलं वगैरे काही नाही. मुलाला दुसऱ्या एका आईने मांडीवर घेतलं आणि मी चाळीस कप पुसले. त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला मी पाऊण तास नुसती माणसांबद्दल सांगत होते. आपल्याकडे लग्नघरात नव्या सुनेला कोणीतरी "अगं, ती ताटं घे बरं" म्हणतं आणि ती एकदम घरातली होते, तसं काहीसं झालं. तिथे येणारं जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी घ्यायला येतं आणि महिन्याभरात काहीतरी करायला लागतं. मला या जागेचं हे सगळ्यात जास्त आवडलं. उपक्रमांचा तक्ता तर कुठल्याही सेंटरच्या दारावर लावलेला असतो.

ऑक्टोबरात सासूबाई आल्या, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. इंग्रजी येत नाही, थंडी सोसत नाही, आणि डिसेंबरात इथे चार वाजताच अंधारायला लागतं. मला धास्ती त्यांचीच होती. सेंटरमध्ये सोमवारी दुपारी विणकामाचा गट असतो. विणकाम निमित्त, मुख्य काम गप्पा. आईंनी पिशवीतून क्रोशाची सुई काढली आणि मी मध्ये दुभाषी म्हणून बसले. पंधरा मिनिटांत माझी गरज संपली. आई बोट दाखवून म्हणायच्या "खांब", समोरच्या नव्वदीच्या आजी म्हणायच्या "ट्रेबल". आई "मुका खांब" म्हणाल्या की त्या "डबल क्रोशे". नंतर मला कळलं की याच टाक्याला अमेरिकेत "सिंगल" म्हणतात, म्हणजे दोन इंग्रजी बोलणाऱ्या बायकांचा गोंधळ होईल, पण आमच्या आईंचा नाही. नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या स्मरणासाठी लाल पॉपीची फुलं विणायची असतात. आईंनी साठ-सत्तर विणली. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री बाँबहल्ल्यात या शहराचं जुनं कॅथीड्रल जळालं. त्याच्या भिंती अजून तशाच उभ्या ठेवल्या आहेत. त्या नव्वदीच्या आजी तेव्हा शाळकरी होत्या. पायऱ्यांखालच्या कपाटात रात्र कशी काढली ते त्यांनी सांगितलं, मी भाषांतर केलं, आणि आईंनी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आता धर्माचं. गुरुवारच्या जेवणाआधी अर्ध्या मिनिटाची प्रार्थना होते. आपण 'वदनि कवळ' म्हणतो तितकीच, किंबहुना कमीच. नाताळात मुलांचं येशूजन्माचं नाटुकलं होतं, त्यात आमचा मुलगा मेंढी झाला आणि रडला. ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणाऱ्या अल्फा कोर्सचं पत्रक एकदा हातात आलं. मी "नको, धन्यवाद" म्हटलं, पुन्हा कोणी विषय काढला नाही. इथल्या व्हिकार बाई आहेत. इंग्लंडच्या चर्चमध्ये १९९४पासून बायकाही धर्मगुरू होतात, हे ऐकून आई दोन दिवस त्यावरच बोलत होत्या. मुलगा तापाने हॉस्पिटलात होता तेव्हा त्या बाईंनी विचारलं, "त्याच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" मी हो म्हटलं. तिकडे सांगलीत माझ्या आईने गणपतीला साकडं घातलेलंच होतं, त्यात आणखी एक.

दिवाळीला त्यांनी मला एक टेबल आणि स्वयंपाकघर दिलं. पणत्या मात्र बॅटरीच्या, कारण हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी. चकल्या पहिल्या अर्ध्या तासात संपल्या.

बुधवारी दुपारी 'वॉर्म स्पेस' असतं. २०२२च्या हिवाळ्यात वीज-गॅसची बिलं भडकली तेव्हा देशभर चर्चनी आणि वाचनालयांनी अशा उबदार खोल्या उघडल्या, त्यातली ही एक टिकली आहे. सूप, पाव, वर्तमानपत्रं, पत्ते. मला तिथे मिळालं ते वेगळंच. आमच्या भाड्याच्या घरात बेडरूमच्या कोपऱ्याला काळी बुरशी धरली होती आणि एजंटचं एकच पालुपद : खिडक्या उघडत जा. पत्ते खेळणाऱ्यांत नगरपालिकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, फोन करू नका, ई-मेलच करा, तारखेसह फोटो जोडा, आणि उत्तर आलं नाही तर नगरपालिकेच्या घरविभागाकडून तपासणी मागू असं शेवटी लिहा. मजकूर चार ओळींचा, त्यांनीच सांगितलेला. तीन आठवड्यांत बाथरूमला पंखा लागला. भिंत नुसती रंगवून दिली, ती पुढच्या पावसात काय रंग दाखवते ते बघायचं.

शुक्रवारची फूडबँक हा मला सगळ्यात जड जाणारा भाग. डॉक्टर, शाळा किंवा सल्लाकेंद्राकडून व्हाउचर मिळतं, ते आणलं की साधारण तीन दिवस पुरेल इतकं खाणं देतात. मी एकाआड एक शुक्रवारी पिशव्या भरते. फेब्रुवारीत मी मुलाला "अरे, हात नको लावूस" म्हणून ओरडले आणि रांगेतून आवाज आला, "ताई, तुम्ही मराठी?" आणि लगेच तो मुलगा खाली बघायला लागला. आपल्या माणसाने आपल्याला इथे पाहिलं, हे त्याला नको होतं. एमएससीला आलेला, घरचे शेतकरी. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. तेही सुटलं होतं आणि भाडं थांबत नव्हतं.

त्याची भीती वेगळीच होती : हे घेतलं तर व्हिसाला अडचण येईल का? हा प्रश्न इथे व्हिसावर असलेल्या अनेक मराठी घरांत असतो, म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्या व्हिसावर "पब्लिक फंड्स घेता येणार नाहीत" अशी अट असते. त्यात युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, घरभाड्याची सरकारी मदत असे ठरावीक भत्ते येतात. धर्मादाय संस्थेने दिलेलं खाणं त्यात येत नाही. सरकारी दवाखानाही येत नाही, त्याचा अधिभार आपण व्हिसा काढतानाच भरलेला असतो. मी हे सेंटरला येणाऱ्या सल्लागार बाईंकडून खात्री करून घेतलं आणि त्याला सांगितलं. पिशवी हातात घेताना त्याने विचारलं, "ताई, या गोड बीन्सचं करायचं काय?" मी म्हटलं, चाळणीत धुऊन घे, कांदा-लसणाची फोडणी दे, वर मसाला. उसळ समजून खा.

त्या दिवसानंतर मी मागे लागले आणि शाकाहारी सामानाचा वेगळा क्रेट सुरू झाला : छोले, राजमा, मसूर, तांदूळ. नऊ महिन्यांतली माझी कमाई तेवढीच. इथले लोक आधीपासूनच विचारतात की घरी शेगडी आहे की फक्त किटली, आणि फक्त किटली असेल त्याची पिशवी वेगळी भरतात. इतका विचार करणाऱ्यांना डाळीचं सुचलं नव्हतं, कारण कोणी सांगितलंच नव्हतं. सुटं सामान मात्र चालत नाही. बंद पाकीट आणि त्यावर तारीख हवीच. आईंनी गावाहून आणलेली घरची तूरडाळ मी मोठ्या थाटात नेली होती, ती तशीच परत आणली.

महिन्यातून एका शनिवारी दुरुस्तीचं टेबल असतं. माझा मिक्सर त्यांनी उघडला, हसले, आणि बंद करून परत दिला. एवढंच.

तक्रारींकडे येते. पहिली आणि मोठी : सगळं शाळेच्या वेळापत्रकावर चालतं. दर सहा-सात आठवड्यांनी सुट्टी, आणि उन्हाळ्यात सहा आठवडे मुलांचा गट बंद. घरात कोंडून पडायची वेळ सुट्टीतच येते आणि दारावर कुलूपही तेव्हाच असतं. दुसरी : 'व्हेजिटेबल सूप'मध्ये कोंबडीच्या स्टॉकची वडी निघाली. मी दोन वाट्या प्याल्यावर. मुलांना वाटतात त्या जेलीच्या गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, तेही विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. सांगितल्यावर लगेच बदल केला, पण सांगावं आपल्यालाच लागतं. तिसरी : हॉल दहा वाजेपर्यंत गार असतो, मुलाला दोन मोजे घालून न्यावं. चौथी : कार्यक्रमात बदल झाला तर तो दारावरच्या कागदावर असतो, म्हणजे तिथे पोचल्यावरच कळतो.

आणि एक गोष्ट तक्रार म्हणून लिहावी की नाही, कळत नाही. हे सगळं चार-पाच सत्तरीच्या माणसांच्या खांद्यावर उभं आहे. जानेवारीत बर्फावर एक आजोबा घसरले आणि दोन गुरुवार जेवण रद्द झालं. तरुण हात कमी, आणि असलेल्यांनाही नियमांमुळे वेळ लागतो. मुलांसोबत काम करायला चारित्र्य-पडताळणी लागते. तिच्यासाठी गेल्या पाच वर्षांचे सगळे पत्ते द्यायचे असतात, आणि सांगली-पुणे-कॉव्हेंट्री असे माझे पत्ते जमवता जमवता कित्येक आठवडे गेले.

सासरे भायखळ्यात वाढले. आईंनी फोनवर या जागेचं वर्णन केलं तर पलीकडून म्हणाले, "म्हणजे आपलं नागपाड्याचं नेबरहूड हाऊस." मला ते नाव नवीन होतं. अमेरिकन मराठी मिशनने १९२०च्या दशकात ते काढलं, क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी ते चालवायचे. १९३६मध्ये दोराबजी टाटांच्या नावाची समाजकार्याची शाळा याच वास्तूत सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आणि वस्तीत जाऊन राहायचं, वस्तीसाठी दार उघडं ठेवायचं, ही मूळ कल्पना लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या एका धर्मगुरूंची : सॅम्युअल बार्नेट, टॉयन्बी हॉल, १८८४. म्हणजे इथून निघालेली गोष्ट अमेरिकेला वळसा घालून भायखळ्याला गेली होती, आणि आमच्या आई तिथूनच आल्या होत्या. "मग तू इथे बावरलीस कशाला?" हे मला आईंनी विचारलं. मार्चमध्ये परत जाताना त्यांनी क्रोशाची सुई त्या नव्वदीच्या आजींना देऊन टाकली.

इथे नवीन आलेल्यांनी आपल्या भागात असं ठिकाण शोधावं. घरून निघतानाच सुट्टे पैसे, जाड मोजे आणि खाण्यात काय चालत नाही त्याची चिठ्ठी बरोबर घ्या. पहिल्यांदा मंगळवारी जा, फूडबँकेच्या दिवशी नको, त्या दिवशी सगळे घाईत असतात. आमच्याकडे या मंगळवारी दूध आणायची पाळी माझी आहे, चार पिंट, निळ्या झाकणाचं, म्हणजे सायीसकट. मागच्या वेळी मी हिरव्या झाकणाचं, कमी सायीचं नेलं तर खिडकीतल्या बाईंनी ते उन्हाकडे धरून बघितलं होतं.