ओपिनेलचं पातं अडकलं: वाळवायचं की घासायचं?

ओपिनेल हा फ्रान्सच्या साव्हुआ भागातला, १८९० पासून बनणारा लाकडी मुठीचा घडीचा चाकू; पातं मुठीतल्या खाचेत मिटतं. मूठ ओली झाली की लाकूड फुगतं, खाच आवळते, पातं निघत नाही. आधी पात्याच्या बुडाशी असलेली, पातं अडकवणारी फिरती कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं थोडं वर येतं. पक्कड नकोच, धार जाते.

वाळवायचं तर पातं उघडं ठेवून सावलीत, वाऱ्यावर काही दिवस. उन्हात लाकूड तडकतं. बहुतेकदा एवढंच पुरतं. खाच बारीक सँडपेपरने घासणं झटपट, पण गेलेलं लाकूड परत येत नाही आणि कोरड्या हवेत पातं ढिलं पडतं. कोकणातल्या पावसाळ्यात चाकू दरवर्षी आवळत असेल तरच मी घासेन, तेही पूर्ण वाळवल्यावर, आणि मग जवसाचं तेल मुरवेन.